झिऱ्यात उतरण्याचा सविनय अर्ज

वृषालीला झिऱ्याच्या तळाशी जायचे होते आणि तिच्या वडिलांना ती सुखरूप वर यायला हवी होती. या दोन इच्छांमध्ये खरे तर भांडण नव्हते. पण मोतीलालभाऊ जळगावातल्या एका सरकारी कार्यालयात गेली एकोणतीस वर्षे आवक-जावक नोंदींची बारनिशी सांभाळत होते, आणि जावक क्रमांक पडल्याशिवाय एखादी गोष्ट घडू शकते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

वृषाली पंधरा वर्षांची. शहरातल्या तरणतलावात हितेंद्र सरांकडे तिने पाठीवर सिलिंडर बांधून बुडी मारायचे पहिले धडे घेतले होते. आता उघड्या पाण्यातली पहिली बुडी बाकी होती. सरांनी जागा सुचवली ती सातपुड्याच्या पायथ्याच्या झिरेपाड्याची. तिथे खडकाच्या कुशीत जिवंत पाण्याचा चौदा फूट खोल झिरा होता. पाणी इतके नितळ की काठावरून तळाची वाळू दिसायची, आणि जिथून पाणी वर यायचे तिथे ती वाळू आधणातल्या डाळीसारखी रटरटत असायची. गावकरी त्या जागेला झिऱ्याचा डोळा म्हणत. वृषालीला तो डोळा जवळून पाहायचा होता, वर येणाऱ्या पाण्यावर तळहात धरायचा होता. बास, एवढेच. ऑक्टोबर चालू होता. फेब्रुवारीनंतर पाणी उतरते आणि मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते.

"दोन तासांचं काम आहे, भाऊ," हितेंद्र म्हणाला. "एक गाडी, दोन सिलिंडर, एक दोर. मी तिच्या हाताच्या अंतरावर राहीन. रविवारी जाऊन येऊ."

मोतीलालभाऊंनी आधी खोली विचारून घेतली. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली एकुलती एक पोर ती. दुसरे बाप घाबरले की ओरडतात. मोतीलालभाऊ घाबरले की फाईल उघडत. त्यांनी फाईल उघडली.

तालुक्याच्या कचेरीत राजदीप नावाचे लिपिक होते. त्यांनी कपाटातले अर्जांचे सगळे नमुने खालीवर केले आणि एक पिवळा कागद पुढे सरकवला.

"मौजेखातर पाण्यात उतरण्याचा नमुना आपल्याकडे नाही, भाऊ. बुडालेली व्यक्ती शोधण्यासाठी उतरण्याचा आहे. हा भरा. बुडालेल्याचं नाव?"

"कोणी बुडालेलं नाही."

"मग शोधणार काय?"

मोतीलालभाऊंनी अर्ज पुढे ओढला. त्यांनी रकान्यात, कोणी नाही या अर्थी, 'निरंक' असे लिहिले. अर्ज तीन आठवड्यांनी त्रुटीसह परत आला: 'निरंक यांचे पूर्ण नाव व वडिलांचे नाव नमूद करावे.'

रकाना भरणे भाग होते. मोतीलालभाऊंनी पेन उघडले. पोरीचे नाव त्या रकान्यात ते जिवात जीव असेतो लिहिणार नव्हते. अखेर त्यांनी तिथे वळणदार अक्षरात स्वतःचे नाव लिहिले. 'बुडाल्याचा दिनांक' या रकान्यात लिहिले, 'परवानगी मिळेल तो'. अर्ज ताबडतोब मंजुरीच्या मार्गाला लागला.

मात्र एखादा इसम पुढेमागे बुडणार आहे हे शासनाला लेखी कळल्यावर शासन स्वस्थ बसू शकत नाही. जलसुरक्षा समिती नेमली गेली. समितीत सहा सदस्य होते, सातवे अर्जदार या नात्याने मोतीलालभाऊ. समितीने झिरेपाड्याची स्थळपाहणी केली. पाहणी म्हटली की खानदेशात भरीत आलेच. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या झाल्या, आणि जेवण इतके अंगावर आले की पाणी पाहायचे राहूनच गेले. म्हणून दुसरी पाहणी ठेवली. मग तिसरी. भरिताची वांगी चांगली मिळत होती तोवर समितीला घाईने निष्कर्ष काढणे योग्य वाटले नाही.

तिसऱ्या पाहणीला वृषाली हट्टाने सोबत गेली. जेवणे चालू असताना गावातली पोरेपोरी खडकावरून झिऱ्यात धडाधड उड्या मारत होती. काठावर राहणाऱ्या शेवंताबाई पाण्याची कळशी कमरेवर घेऊन म्हणाल्या, "आमन्या पोरी बठ्ठ्या आठेच पव्हाले शिकन्यात, भाऊ."

"पप्पा, बघा ना, सगळ्या इथेच पोहायला शिकल्यात! ती दुसरीतली मुलगीसुद्धा उडी मारतेय," वृषाली म्हणाली.

समितीच्या अध्यक्षांनी पुरीचा तुकडा खाली ठेवला. "त्यांनी परवानगी घेतली आहे का?"

"नाही."

"मग त्यांचा आपल्या विषयाशी संबंध नाही."

अहवाल जानेवारीअखेर आला. उतरणाऱ्याने लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे होते.

"अहो, जॅकेट घालून माणूस वरच तरंगतो," हितेंद्रने अध्यक्षांना सांगितले. "खाली जाताच येत नाही."

"तोच तर उद्देश आहे," अध्यक्ष म्हणाले.

पुढचे कलम अधिक मूलगामी होते. 'सखोल विचारांती समितीचे असे मत झाले की धोका पाण्यात नसून पाण्याच्या खोलीत आहे. सबब खोली कमी करण्यात यावी.' बारा फुटांचा भराव, त्यावर काँक्रीट, त्यावर निळ्या टाइल्स, सभोवती स्टीलचा कठडा, आणि 'माझा झिरा, माझा अभिमान' अशा अक्षरांचा सेल्फी पॉइंट. खाली सहा सह्या झाल्या होत्या.

मोतीलालभाऊंनी ते कलम दोनदा वाचले. वृषाली सांगायची ती रटरटणारी वाळू त्यांना आठवली. मग चौदा हा आकडा आठवला. त्यांनी सातवी सही केली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली.

परवानगी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारची मिळाली. गाड्या झिरेपाड्याला पोचल्या तेव्हा टाइल्स उन्हात चमकत होत्या आणि झिऱ्याच्या जागी झालेला हौद कोरडा ठणठणीत होता. शेवंताबाई रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या.

"भाऊ, तुम्हीन झिराना डोया बुजी टाका," त्या म्हणाल्या. "आते पानी कथाइन ई?"

पाणी कुठून येणार या प्रश्नाची समितीला काळजी नव्हती. पाणी टँकरने आले. दीड फूट झाल्यावर अध्यक्षांनी हात वर केला.

वृषालीने सूट घातला, मास्क चढवला, सिलिंडर पाठीवर घेतला, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट बांधले आणि ती पाण्यात उतरली. पाणी पोटरीपर्यंत आले. पण एवढ्याने भागत नव्हते. राजदीप फाईल घेऊन पुढे आले.

"बुडालेली व्यक्ती सापडल्याशिवाय प्रकरण बंद करता येत नाही, भाऊ."

मोतीलालभाऊंनी चप्पल काढली, चष्मा खिशात ठेवला आणि झब्ब्यासकट टँकरच्या पाण्यात पालथे पडले. वृषालीने गुडघे टेकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"सापडले," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. राजदीपनी वेळ लिहून घेतली. मोतीलालभाऊ नाकातले पाणी शिंकरत उठून बसले.

"तळ दिसला ना, बेटा?"

"दिसला, पप्पा. आपल्या बाथरूमसारखा आहे."

तिने मास्क काढला तो आतून ओला होता. दीड फुटात मास्कमध्ये पाणी शिरायचे काही कारण नव्हते. मोतीलालभाऊंना ते कळले. पोरीला वाचवता वाचवता आपण तिचे काय हिरावून घेतले हे त्यांना तिथे, त्या निळ्या टाइल्सवर बसल्या बसल्या लख्ख कळले, आणि त्यांना फार वाईट वाटले. काहीतरी बोलावे म्हणून त्यांनी तोंड उघडलेही. पण तेवढ्यात भरीत वाढायला घेतले.

झिरेपाड्याची पोरे आता पलीकडच्या बंद पडलेल्या, पाण्याने भरलेल्या गिट्टी खदानीत उड्या मारतात. तिथे खोली किती आहे कोणालाच ठाऊक नाही. कठडा नाही, बोर्ड नाही. कोणी अर्जच केलेला नाही, तर समिती तरी काय करणार?

त्या रविवारचा फोटो मात्र गावोगावच्या ग्रुपवर फिरला: नारिंगी जॅकेटातली मुलगी, निळे पाणी, मागे समिती, खाली 'सुरक्षित साहसाचा आदर्श'. दीड दिवसात चारशे बारा अंगठे आले. जरा मागे जाऊन पाहा, त्यात एक तुमचाही आहे. मुलगी किती पाण्यात आहे ते तुम्ही पाहिले नव्हते. कठडा छान झालाय, असे मात्र आवर्जून लिहिले होते.