खांबेटेकाकांचा कोरियन अभ्यासक्रम

"अहो, माझा शालू! पंचेचाळीस वर्षं जपला, आणि या दोन राक्षसांनी कापला!"

खांबेटेकाकूंचा हा आवाज डोंबिवलीतून निघाला आणि आंबिवलीला लोकांनी खिडक्या लावून घेतल्या म्हणे. दोन राक्षसांपैकी एक आमच्या समोरच्या फ्लॅटमधले खांबेटेकाका. दुसरा मी. कात्री माझ्याच हातात होती.

काका निवृत्त नायब तहसीलदार. मध्यंतरी वाचनालयात एका व्याख्यानाला गेले. गेलेले पंख्याखाली डुलकी काढायला, परत आले ते थेट कोरियन होऊन! जुन्या काळी कोरियात म्हणे एक विद्वान अधिकारी होता. राजाची मर्जी फिरली आणि त्याला दूर समुद्रकाठी हद्दपार केलं. तिथून त्याने पत्रं लिहून मुलं शिकवली. काय वाचा, कुठले उतारे वहीत उतरवा, सगळं. मुलाने कोंबड्या पाळल्या, तर बापाचं पत्र: पाळ, पण कोंबड्यांवर आजवर जे लिहिलं गेलंय ते वाच, आणि मग तूच त्यांच्यावर ग्रंथ लिही!

"नोंद घे, नीलेश," काका म्हणाले. "याला म्हणतात बाप."

काकांचा मुलगा मंदार घोडबंदर रोडला सव्विसाव्या मजल्यावर राहतो. वय वर्षं चव्वेचाळीस. त्या कोवळ्या वयात त्याचं शिक्षण सुरू झालं. पोस्टावर काकांचा विश्वास नाही आणि माझं ऑफिस मंदारच्या टॉवरला चिकटून, म्हणून राजदूत मी. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पत्र पोचेपर्यंत त्यातला उपदेश आंबायचा.

'चि. मंदार, बाल्कनीत कोथिंबीर लावलीस असे समजते. कोथिंबिरीवरील समग्र वाङ्मय मिळवून वाचावे. टिपणे सादर करावीत. नोंद घ्यावी.'

मंदार दार उघडायचा, कानाला फोन तसाच. "थँक्स यार," म्हणून पाकीट चपलांच्या कपाटावर ठेवायचा. सातव्या खेपेला पाहिलं, तर आधीची सहा तिथेच. एकही फोडलेलं नाही.

इकडे काका जिन्यातच उभे. "वाचलं? काय म्हणाला?"

आता खरं बोलायला छाती लागते. मी रिक्षात शेजारच्याला 'जरा सरका' म्हणू शकत नाही, अर्ध्या मांडीवर ठाणं गाठतो. म्हटलं, "वाचलं ना! मान डोलावली." पुढच्या आठवड्यात मंदारने पत्र दोनदा वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं. खोटं बोलण्यात माझा हात असा बसला की दिवाळीत मी सांगून टाकलं, "काका, वाचता वाचता रडला हो. वहिनींनी टॉवेल आणून दिला."

काका चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या कोरियन माणसाला बायकोने आपला लग्नातला जुना घागरा पाठवलेला. तो कापून त्याने मुलांसाठी उपदेशाच्या वह्या केल्या. मंदारला आता कागद पुरायचा नाही. कात्री धर."

घागरा तिकडे बायकोने आपणहून दिला होता, ही बाब आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली.

तर काकूंनी काकांच्या हातातून तो रेशमी तुकडा ओढून घेतला. त्यावर शाईने इतकंच लिहिलेलं: 'चि. मंदार, तुला रडू येते हे नीलेशकडून कळले. बरे वाटले.'

उपदेश नाही, नोंद नाही. मी कात्री खाली ठेवली.

"काकू," मी म्हटलं, "मी खोटं बोललो. मंदार रडला नाही. त्याने एकही पत्र उघडलेलं नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या काकांनाच म्हणाल्या, "मंदार आणि रडेल? अहो, शाळेत हात मोडला तेव्हा टिपूस काढलं नाही त्याने. डॉक्टर चकित झालेले. बाप ना तुम्ही? एवढंही कळलं नाही?"

"कसं कळणार?" काका म्हणाले. "मी तेव्हा बदलीवर जव्हारला होतो."