आधी नळ बंद करा

ज्याला घर नाही अशा माणसाकडे पाहू नये, असा सभ्य समाजाचा संकेत आहे. पाहिलं तर थांबावं लागतं, आणि थांबलं तर काहीतरी करावं लागतं. या संकेताला अपवाद एकच. त्या माणसाच्या अंगात एखादी कला असेल, तर त्याच्याकडे डोळे भरून पाहायला कोणाचीही हरकत नसते. मग ते नुसतं पाहणं राहत नाही, त्याला गुणग्राहकता म्हणतात. (गुणग्राहकतेत थांबावं लागतं, पण टाळ्यांपलीकडे काही करावं लागत नाही.)

शहरातल्या मोठ्या पुलाखाली, खांबाच्या आडोशाला, असाच एक गृहस्थ राहत असे. गृहस्थ हा शब्द इथे निव्वळ सवयीने आला आहे. त्याने उभा जन्म रेडिओच्या नाटक विभागात आवाज काढण्यात घालवला होता. नाटकात दार करकरलं, किटली उकळली, जिन्यावरून कोणी चपला ओढत उतरलं, की ते त्याच्या तोंडातून उतरलेलं असे. नाटक संपल्यावर कलाकारांची नावं सांगत, त्यात त्याचं नाव नसे. ते रास्तच होतं. दाराचं नाव कोण सांगतो?

पुढे सगळे आवाज एका यंत्रात मावले. विभाग बंद झाला, नोकरी संपली आणि नोकरीबरोबर मिळालेल्या दोन खोल्याही गेल्या. बायको त्याआधीच गेली होती, त्यामुळे निदान तिला सामान आवरावं लागलं नाही.

त्याला एक मुलगी होती. ती दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसे, आणि नवरा, दोन मुलं व सासूबाईंसह दोन खोल्यांत राहत असे. वडिलांनी मुलीला सांगितलं, "मित्राकडे राहतो, ऐसपैस जागा आहे." मित्राला सांगितलं, "मुलीकडे राहतो, जावई देवमाणूस आहे." दोघांच्याही जिवाला स्वस्थता लाभली. एकाच माणसाच्या निवाऱ्याचा प्रश्न दोनदा सुटल्याचं, आणि तोही बिनखर्चात, हे दुर्मीळ उदाहरण आहे.

दर रविवारी तो मुलीला फोन करी. फोन शेजाऱ्याचा असे. शेजारी म्हणजे पलीकडच्या पथारीवरचा, मंडईत ओझी उचलता उचलता पाठ गेलेला एक माणूस. पुलावरच्या ट्रकचा आवाज फोनमध्ये जाऊ नये, म्हणून दोघं एकाच गोधडीत डोकं घालून बसत. शेजारी गोधडीच्या कडा चहूबाजूंनी दाबून धरी, आणि आत वडील घर उभं करत. कपाटाचं दार. किटली. आणि पार्श्वभूमीला नळ, कारण नळ वाहताना ऐकू आला की ऐकणारा भिंती आपल्या आपण उभ्या करतो.

"बाबा, आधी नळ बंद करा. पाणी वाया जातंय."

"हो गं बाळा, थांब."

मग सपातांची दोन पावलं, चावीची किरकिर, धार थांबणं, आणि शेवटी तीन थेंब. दोन वर्षं हे चाललं. मुलगी नवऱ्याला म्हणे, "मित्राने ठेवलंय चांगलं, पण मेला नळ काही दुरुस्त करत नाही."

संध्याकाळी अंधारून आलं की वडील शेजाऱ्यासाठी घर बंद करत. शेजारी म्हणे, "मास्तर, कडी लावली का?" मग वडील आधी नळ बंद करत, नंतर दिव्याचं बटण, खिडक्यांची झडपं आणि सगळ्यात शेवटी दाराची कडी वाजवत. कडी लागली की शेजारी कूस बदलून झोपे. एका संध्याकाळी बस चुकलेल्या एका बाईंनी हा प्रकार मोबाइलवर टिपला आणि 'घर नसलेले घरवाले काका' असं नाव देऊन जगापुढे ठेवला. ("मास्तर, कडी लावली का" हा भाग अनावश्यक म्हणून कापला होता. शेजाऱ्याचं कोपर मात्र डाव्या कडेला राहून गेलं.)

आठवड्याभरात चाळीस लाख लोकांनी तो पाहिला. त्यांपैकी एकतीस लाखांनी डोळ्यांत पाणी आल्याचं कळवलं. हा माणूस झोपतो कुठे, असं सात जणांनी विचारलं. त्यांतल्या पाच जणांना तिथे जाऊन स्वतःचा व्हिडिओ काढायचा होता.

दवाखान्यात तो व्हिडिओ नर्सने आणला. "ताई, हे बघा तरी! हुबेहूब नळ!" खुर्चीतल्या रुग्णानेही तोंड उघडं ठेवून पाहिलं, अर्थात त्याला पर्याय नव्हता. मुलीने चित्र पाहायच्या आधी आवाज ऐकला. दोन पावलं, किरकिर, तीन थेंब. ती म्हणाली, "झाला बंद," आणि पुढच्या रुग्णाला आत पाठवून पर्स उचलून निघाली. तिचं एकच ठरलं होतं: बाबांना घरी आणायचं.

पुलाखाली दोरी बांधून रांग लावली होती. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या स्वयंसेवकाने तिला अडवलं.

"मी त्यांची मुलगी आहे."

"सकाळपासून तुम्ही पाचव्या. त्यातल्या दोघी तर त्यांच्याहून मोठ्या होत्या. बाजूला व्हा."

ती बाजूला झाली आणि गर्दीच्या डोक्यांवरून ओरडली, "बाबा, आधी नळ बंद करा!"

पलीकडे धार थांबली. पहिला थेंब पडला, दुसरा पडला, तिसरा पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"फर्माईशीला कुपन लागतं, बाई," स्वयंसेवक म्हणाला. पण तोवर ती दोरीखालून आत गेली होती.

"दोन वर्षं फसवलंत मला."

"फसवलं कुठे? तू सांगशील तेव्हा नळ बंद करत होतो की."

"घरी चला."

"तुझ्याकडे? अगं, दिवाणावर सासूबाई, खाली पोरं. मला काय दोरीवर वाळत घालणार आहेस? आणि आता घर देतायत मला. हे बघ, किल्लीसुद्धा दिली." ती किल्ली पुठ्ठ्याची आणि माणसाएवढी उंच होती. एका बांधकाम व्यावसायिकाने कॅमेऱ्यांसमोर ती अर्पण केली होती, आणि दाराला लागणारी किल्ली औपचारिकता पूर्ण होताच मिळणार होती. तोवर पुठ्ठ्याच्या किल्लीवर शेजारी झोपत असे. पाठीला बरी पडते, म्हणे.

इतका मोठा गुण एकट्या माणसाच्या भरवशावर सोडणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. म्हणून गुणसंवर्धन समिती स्थापन झाली. समितीने वडिलांशी वर्षाचा करार केला आणि त्यांना एका सुसज्ज घरात नेऊन ठेवलं. शेजाऱ्यावर अन्याय नको म्हणून त्याचीही चाचणी घेण्यात आली. त्याला दार वाजवायला सांगितलं. त्याने खूप विचार केला आणि म्हणाला, "दार." चाचणी संपली.

सुसज्ज घरात वडील आठ दिवस राहिले आणि त्यांनी एकही आवाज काढला नाही. ते खुर्चीत बसून राहत. फ्रिज घुमे, दार आपोआप लागे, नळातून पाणी येई. समितीने काळजीने कारण विचारलं.

"घरात मी कशाला आवाज काढू?" वडील म्हणाले. "घर काढतंय ना."

समितीचा निष्कर्ष शास्त्रशुद्ध होता. अभ्यासलेल्या सर्व निराधार कलावंतांपैकी (एक) शंभर टक्के कलावंतांचा गुण निवारा मिळताच लोपला. म्हणजे गुणाला खरा धोका उघड्यावर नसून छपराखाली आहे. सबब वडिलांना त्यांच्या नैसर्गिक अधिवासात परत न्यावं आणि कराराची मुदत संपेपर्यंत त्यांचं कोणत्याही घरापासून रक्षण करावं, असं एकमताने ठरलं. त्यासाठी पुलाखालचा परिसर सुशोभित करण्यात आला: फरशी धुतली, दिवे लावले, खांबाला पिवळा रंग दिला, शेजारी हलवला, कठड्यावर कुंड्या ठेवल्या आणि प्रेक्षकांसाठी पंखे बसवले.

मुलीने समितीच्या अध्यक्षांची गाठ घेतली. अध्यक्ष हळवे होते. "तुमच्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "मलाही वडील आहेत. पण तुमचे वडील आता एकट्या तुमचे राहिले नाहीत."

"मग रात्री थंडीत त्यांच्याजवळ कोण असतं?"

"संपूर्ण शहर," अध्यक्ष म्हणाले.

तेव्हापासून ती रोज दवाखाना सुटला की डबा घेऊन पुलाखाली जाऊ लागली. थंडी वाढली तसे वडील खोकू लागले. तो खोकला लोकांना फार आवडला. 'घरातलं आजारी माणूस' या नावाने समितीने तो कार्यक्रमात घेतला, आणि पाहणीत त्याने नळाला मागे टाकलं. एक गृहस्थ (हे खरोखरचे) शेजारच्याला म्हणाले, "छातीतली घरघर ऐकलीत? याला म्हणतात साधना."

"अहो, खराच खोकतायत ते!" मुलगी ओरडली.

"वा! लेकीनेही गुण घेतलाय हं," गृहस्थ म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

मुलीने डबा खाली ठेवला, दोरी काढली, वडिलांच्या काखेत हात घातला आणि त्यांना टॅक्सीत बसवलं. लोकांनी वाट करून दिली. त्यांना हा कार्यक्रमाचा शेवट वाटला, आणि तो जरा लवकर झाल्याची तक्रार तेवढी काहींनी केली.

दोन खोल्यांत जागा नव्हती, ती सासूबाईंनी केली. "मी झोपते खाली," त्या म्हणाल्या, "व्याह्यांना घ्या वर." दिवाणावर पडल्या पडल्या वडील घर ऐकत राहिले. डॉक्टर आले आणि फार उशीर केलात म्हणाले. चौथ्या दिवशी मुलगी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पाणी गरम करायला ठेवत होती, तेव्हा दिवाणावरून हाक आली.

"बाळा, आधी नळ बंद कर."

तिने केला. बाहेर येईपर्यंत ते गेले होते.

समितीने शोकसभा घेतली. दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली, आणि ती कंटाळवाणी होऊ नये म्हणून त्या वेळात त्यांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण लावण्यात आलं. खांबाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. नाव कोणालाच ठाऊक नसल्याने 'घरवाले काका खांब' असं लिहिलं.

रविवारी मुलीचा फोन वाजला. नंबर ओळखीचा होता, दोन वर्षांचा. तिने तो थोडा वेळ वाजू दिला. उचलला तेव्हा पलीकडे ट्रक होते, खूप ट्रक. कोणी गोधडी दाबून धरली नव्हती.

"ताई, मी मास्तरांचा शेजारी. मास्तर गेले म्हणे."

"हो. तुम्ही कुठे असता आता?"

"असतो आपला. पुलाच्या पार पलीकडच्या टोकाला. तिथं कोणी येत नाही."

"इकडे या ना. जेवायला तरी या."

"मी कशाला, ताई? मला काही येत नाही."

मग तो चाचरत म्हणाला, "एक विचारू? तुमच्या दाराला कडी असेल ना? जरा फोन धरून लावता का? मला हलवल्यापासून डोळ्याला डोळा नाही."

वाचकांना हा माणूस कदाचित एकदम आठवणार नाही. खांबाला पिवळा रंग दिल्यावर आणि कठड्यावर कुंड्या ठेवण्याच्या आधी, दोन शब्दांत जो हलवला, तोच हा. तेव्हा तुम्ही थांबला नाहीत. थांबण्यासारखं काही नव्हतंच. पुढे पंखे बसवायचे होते.

मुलगी फोन घेऊन दाराशी गेली. तिने दार लोटलं आणि सावकाश कडी लावली. आवाज अगदी हुबेहूब आला. न यायला काय झालं? कडी खरी होती, दार खरं होतं. तो बाहेर होता, आणि आपण सगळे आत.