फणसेकाकांचं खालचं पाणी

फणसेकाकांना पाणी दिलं की ते आधी त्यात थर्मामीटर बुडवतात. कुणाच्याही घरी. चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचतात आणि मगच घोट घेतात. समोरच्या बाईला काय वाटेल, हा प्रश्न त्यांना आजवर पडलेला नाही.

काका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहेत, म्हणजे आता ते आम्हाला शिकवतात. जमिनीला खोल भेगा असतात, त्यांना भ्रंश म्हणतात, त्यांतून पार खालचं पाणी आणि वायू वर येतात, हे आमच्या बडोद्यातल्या सोसायटीत दूधवाल्यालाही पाठ झालंय. भिंतीला ओल आली? "खालून येतंय." कुणी ढेकर दिला, तरी "खालून येतंय."

गेल्या उन्हाळ्यात नळाला गरम पाणी आलं, तर यांनी मीटिंगच बोलावली.

"नर्मदेच्या भ्रंशाची एक फांदी आपल्या बोअरखाली आलीय," काका म्हणाले. "हेलियम तपासायला हवा."

सेक्रेटरी पटेलभाईंनी शांतपणे छताकडे बोट केलं. "काका, टांकी अगाशी पर छे. तडको लागे छे."

गच्चीवरची टाकी उन्हात तापते, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. काकांनी मात्र पटेलभाईंकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. मी पोटभर हसून घेतलं.

या थंडीत त्यांना गोध्र्याजवळच्या तुव्याला, गरम पाण्याच्या झऱ्यांवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "काकू गेल्यापासून ते कुठे गेले नाहीत," बायको म्हणाली, आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. वाटेतलं सावली गाव मागे पडेपर्यंत मी भ्रंशांवरचं अख्खं व्याख्यान ऐकलं. एकदा तर रेडिओ मोठा केला. काकांनी आवाज वाढवला.

तुव्याला पोचल्यावर मात्र ते गप्प झाले. कुंडाच्या काठावर बसले, तळातून येणारे बुडबुडे बघत. मला ती शांतता सोसेना.

"काका, हे खालून येतंय ना?" मी टोमणा मारला.

"हिला दर थंडीत आणायचो," ते म्हणाले. "गुडघ्यांसाठी. सांगायचो, हे पावसाचंच पाणी, खोल जाऊन तापलं, भेगेतून वर आलं. ती म्हणायची, एवढा प्रवास माझ्या गुडघ्यांसाठी? मी हो म्हणायचो."

"आणि मग?"

"शेवटच्या वर्षी तिला गाडीत बसवेना. एकटाच येऊन कॅन भरून न्यायचो. घरी पोचेपर्यंत गार. मग गुपचूप गॅसवर तापवायचो, आणि तसंच गरम आणलंय म्हणून तिच्या पायांवर ओतायचो."

"काकूंना कळलं नाही कधी?"

काकांनी हात पाण्यात घातला.

"मी स्वयंपाकघरात गेलो की आतून हाक यायची," ते म्हणाले. "अहो, आज जरा जास्त तापवा."