मॅटीवरची मोकळी जागा

बायकोने अर्धवट टाकलेलं विणकाम आणि भरतकाम आपणच पुरं करून टाकावं असं मी ठरवलं, तेव्हा मला अडवायला घरात कोणी नव्हतं. सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे.

त्या वर्षी पावसाने तेलगावकडे तोंडसुद्धा वळवलं नाही. कपाशी जागच्या जागी वाळली, त्यामुळे आमची सहकारी सूतगिरणी बंद पडली आणि तिच्यातला मी कारकून घरी येऊन बसलो. (गिरणी चालू होती तेव्हाही मी बसूनच असायचो, पण तिथे खुर्ची होती.) बायको, म्हणजे आमची सुभद्रा, पाटोद्याला धाकट्या बहिणीकडे, भिवराकडे, गेली होती. भिवराच्या लेकीचं, मथुराचं, लग्न ऐन दुष्काळात ठरलं होतं. अशा वर्षात चांगलं स्थळ सहजासहजी मिळत नाही, म्हणून सगळे जपून पावलं टाकत होते. जाताना सुभद्रा बजावून गेली, “लग्नाला येताना पेटीतलं समदं घेऊन या. लई काम ऱ्हायलंय त्यात. हाय तसंच आना, मी तिथं बसून पुरं करते.”

पेटी उघडली आणि माझं डोकं तडकलं. कानटोपीला एकच कान. पोपटाला चोच नाही. माझ्यासाठी घातलेल्या स्वेटरला एकच बाही. आमच्या तालुक्याला हा रोगच आहे. पाझर तलाव आहे, त्याला एकाच बाजूला भिंत आहे. सोसायटीचं गोदाम आहे, त्याला छप्पर नाही. चेअरमनचं भाषण तेवढं पुरं होतं, तेही लोक उठून गेल्यावर. निदान माझ्या घरात तरी हा प्रकार चालू द्यायचा नाही, असं मी ठरवलं.

सुरुवात स्वेटरपासून केली. दोन सुलट, दोन उलट, यात एवढं काय आहे? सूत हा आमच्या गिरणीचा विषय आणि लोकर ही सुताची सावत्र बहीण. शेजारच्या फरीदाभाभींनी सुया कशा धरायच्या ते दाखवलं आणि नंतर खिडकी लावून घेतली. बाही झाली. ती मनगटाकडे अरुंद व्हायची ती रुंदच होत गेली आणि शेवटी तिच्यात माझी मांडी आरामात मावू लागली. ऊब मात्र चांगली येत होती.

मग पेटीच्या तळाशी मला मॅटीचा, म्हणजे भरतकामाच्या जाळीदार कापडाचा, तुकडा सापडला. भोवती हिरवी वेल आणि मध्ये लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्यांत भरलेला उखाणा:

विहिरीला पाणी येऊ दे काठोकाठ,
           रावांशी बांधते जन्माची गाठ.

‘रावांशी’च्या आधी नुसतं कोरं कापड.

खरं सांगतो, मला बायकोचं भारी कौतुक वाटलं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हे ठीक, पण ही बाई सुईनेसुद्धा घ्यायला लाजते. पाठोपाठ रागही आला. इतका संसार झाला आणि हिला चार अक्षरं भरायचा धीर होत नाही. मी सुईत लाल दोरा ओवला आणि स्वतःचं नाव भरून टाकलं. जागा थोडी उरत होती, म्हणून पुढे ‘श्री.’ लावला. नंतर फ्रेमवाल्या युसूफभाईकडे नेऊन त्याला झकास फ्रेम बसवून घेतली.

लग्नाच्या दिवशी आमची गाडी वाटेत तापली. दुष्काळात माणसांना पाणी नाही, तिथे गाडीला कोण पाजणार? पाटोद्याला पोचलो तेव्हा नेमका टँकर आला होता आणि लग्नघरातल्या झाडून सगळ्या बायका हंडे घेऊन त्याच्यामागे धावल्या होत्या. आतल्या खोलीत मथुराचं रुखवत मांडलेलं होतं. रुखवत म्हणजे बायकांच्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन, एवढं मला ठाऊक होतं. आमच्या गिरणीच्या प्रदर्शनात तर बाहेरून आणलेला मालसुद्धा मांडतात, तेव्हा नवरीच्या मावशीचा एक नमुना इथे असायला हरकत नव्हती. मी फ्रेम बरोब्बर मधोमध ठेवली आणि बाहेर येऊन पान खात बसलो.

थोड्या वेळाने भिवरा पाणी घेऊन परतली आणि वरपक्षाच्या बायका तिच्याबरोबर रुखवत बघायला आत गेल्या. सगळ्यांत पुढे नवरदेवाची आत्या, तुळजाबाई. बाईंना वाचता येत होतं, आणि ते सगळ्यांना कळावं म्हणून त्या मोठ्याने वाचायच्या. त्यांनी उखाणा खणखणीत आवाजात वाचला.

“नवरदेव तर आमचा राधाकिशन हाय,” तुळजाबाई म्हणाल्या. “हे श्री. आसारामराव कोन?”

सहकारी चळवळीत नाव पुकारलं की उठायचं असतं, पुढे हार-नारळ येतो. मी पानाची लाळ गिळली, टोपी सारखी केली, आत गेलो आणि हात जोडून म्हणालो, “मीच. जरा घाईत झालंय, गोड मानून घ्या.”

भिवरा कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. दाराशी आलेल्या मथुराच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुळजाबाईंनी मला टोपीपासून चपलेपर्यंत नीट पाहून घेतलं.

“भिवराबाई,” त्या म्हणाल्या, “पोरीची गाठ कुनाशी हाय ते आदी ठरवा. मग आमी अक्षता हातात घेऊ.”

बाहेर वरपक्षाच्या पुरुषांनी पानाची तबकं खाली ठेवली. जीप काढायला कोणीतरी ड्रायव्हरला हाक मारली आणि ती सुरूही झाली. माझ्या चार अक्षरांनी मथुराचं लग्न मोडायची वेळ आली, हे मला तेव्हा उमगलं.

इतक्यात सुभद्रा कमरेवर हंडा घेऊन आली. तिने फ्रेम वाचली, मग मला वाचलं. चारचौघांत तिला माझं नाव घेता येत नव्हतं, आणि हातात हंडा असल्यामुळे बाकीही काही करता येत नव्हतं. हंडा खाली ठेवून तिने तुळजाबाईंना समजावलं, की रुखवताचं भरतकाम तिने स्थळ ठरायच्या आधीच काढलं होतं, म्हणून नवरदेवाच्या नावाची जागा मोकळी सोडली होती आणि नाव ती आज इथे बसून भरणार होती. तुळजाबाईंची मुद्रा काही सैल होईना.

मग सुभद्राने पानाच्या तबकातला अडकित्ता मागून घेतला. फ्रेमचे खिळे उचकटले, मॅटी उलटी केली आणि मागे लोंबणारं दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओढलं. मी फुल्या घातल्याच नव्हत्या, नुसते टाके ओढत नेले होते. ‘श्री.’सकट अख्खा आसाराम सुर्रकन निघून तिच्या हातात आला.

“आत्याबाई, काई घोर करू नका,” ती म्हणाली. “ह्यांनी गाठच मारली न्हाई.”

पहिल्यांदा तुळजाबाई हसल्या, मग मथुरा, आणि मग ते हसू बाहेर पुरुषांत गेलं. जीप बंद झाली. पानाची तबकं परत वर आली. मीही हसलो, कारण न हसणारा मी एकटाच उरलो होतो.

सुभद्राने तो निघालेला दोरा फेकला नाही. तोच सुईत ओवून तिने तिथल्या तिथे राधाकिशनचं नाव भरलं. तुळजाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

“दोरा मातर चांगला हाय. मानूस कसा बी असू द्या.”