अण्णांच्या मागून म्हणा

आमच्या घरमालकांना, म्हणजे अण्णांना, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही. ते तोतरे नाहीत, दमेकरीही नाहीत. आवाज तर असा की रामघाटावरून मारलेली हाक गंगेपलीकडच्या वाळूत ऐकू जावी. पण दोन-तीन शब्द झाले की ते थांबतात, मान जराशी कलती करून समोरच्याकडे बघतात आणि वाट पाहतात. मी भाड्याची खोली विचारायला पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "वरची खोली..." आणि थांबले. मला वाटलं, गेली वाटतं दुसऱ्याला. मग म्हणाले, "हवेशीर आहे..." आणि पुन्हा थांबले. मी "बरं" म्हणाले. त्यांचं काही समाधान झालेलं दिसेना. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नीचा, कुसुमकाकूंचा आवाज आला, "म्हटलं!" तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. "पण माकडं येतात."

या थांबण्याचं मूळ त्यांच्या कामात आहे. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धकर्मं करायची, हे त्यांचं काम. त्यात उपाध्यायाने मंत्राचा एक तुकडा सांगायचा आणि थांबायचं, यजमानाने तो मागून म्हणायचा, मग पुढचा तुकडा. यजमान गप्प राहिला तर अण्णा सांगतात, "म्हणा." सगळा जन्म असं बोलण्यात गेल्यावर माणूस भाजीसुद्धा तशीच घेणार. "वांगी..." म्हणून ते थांबतात आणि भाजीवाली तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दुधी विकून मोकळी होते. काकूंनी यावर उपाय शोधून काढला होता. पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता, अण्णांच्या प्रत्येक तुकड्यामागे त्या "म्हटलं!" एवढंच फेकायच्या. अख्ख्या यजमानाचं काम एका शब्दात. अण्णा वरवर चिडायचे, पण तो शब्द आल्याशिवाय त्यांना पुढे जाताच येत नसे.

अण्णांच्या मते साऱ्या हिंदुस्थानात एकच जमात संस्कारी उरली आहे, ती म्हणजे कस्टमर केअरच्या मुली. अण्णांनी पत्त्याचा तुकडा सांगितला की ती मुलगी तो जसाच्या तसा परत म्हणते. एकदा तर गॅसची तक्रार नोंदवून झाल्यावर अण्णांनी तिला गोत्र विचारलं. तिने बिचारीने तेही सांगितलं.

मी मूळची साताऱ्याची. इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि एकटी राहते. माणसांपेक्षा झाडं बरी, असं माझं मत होतं, कारण ती कमी बोलतात. खालच्या मजल्यावरचं हे अखंड "म्हणा" आणि "म्हटलं" सुरुवातीला मला कटकटीचं वाटायचं.

मग मागच्या थंडीत काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. हळूहळू त्या काठी धरून चालू लागल्या, डाव्या हाताने जेवू लागल्या, दारात आलेल्या माकडाला काठी दाखवू लागल्या. शब्द मात्र एकही फुटेना. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं. सोपे शब्द म्हणून दाखवा आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्या. अण्णांना केवढा आनंद झाला! मला हाक मारून म्हणाले, "बाई, हे तर... माझंच काम!"

रोज संध्याकाळी ते काकूंसमोर पाट टाकून बसायचे. "पाणी... म्हण." काकू नुसत्या बघायच्या. "तांब्या... म्हण." काकू खिडकीबाहेर बघायच्या. मला वर सगळं ऐकू यायचं. ते "म्हण", आणि त्याच्या पुढची ती शांतता. एवढ्या लोकांकडून संस्कृतातली जोडाक्षरं म्हणवून घेतलेला माणूस घरात एका "पाणी"साठी ताटकळत बसलेला असे. मला ते सहन व्हायचं नाही. मी काहीही वाटायचं नसताना मिक्सर लावायची.

असे काही महिने गेले. एक दिवस जिन्यात अण्णांनी मला गाठलं.

"बाई, मी रविवारी... अस्सी घाटावर... स्टँडअप करतोय."

"काय करताय?"

"कॉमेडी. तिथे एक कॅफे आहे. कोणीही उठून... माईकवर बोललं तरी चालतं. नाव देऊन आलो. कुसुमला घेऊन जाऊ. तुम्ही... चला."

मी कपाळाला हात लावला. अण्णांचे विनोद मला चांगले ठाऊक होते. थांबत थांबत सांगितल्यामुळे ते इतके लांबतात की शेवट येईपर्यंत ऐकणाऱ्याची कामं आठवून झालेली असतात. मी म्हणाले, "अण्णा, तिथे विशीतली पोरं असतात. वाटेल ते बोलतात, वाटेल तशी हूट करतात. आणि पिंडदान करताना एखाद्या यजमानाला तुमचा विनोद आठवला तर?"

"तर त्याचं दुःख... जरा हलकं होईल. फालतू टेन्शन नका घेऊ."

या वयात माणसाला प्रसिद्धीची हौस आली आहे, असं मी मनात ठरवून टाकलं आणि रागारागातच रविवारी निघाले. घाटावरच्या लल्लन नावाड्याने आणि त्याच्या भावाने काकूंना खुर्चीसकट उचलून नावेत बसवलं. काकूंनी जरीकाठी पातळ नेसलं होतं आणि चेहरा असा केला होता की यातलं काहीही आपल्याला विचारून झालेलं नाही.

राजघाट मागे टाकून... नव्हे, तो उलट्या दिशेला. राजघाट आणि राजाघाट हा माझा गोंधळ अजून जात नाही. मणिकर्णिका मागे टाकून नाव राजाघाटाशी आली, तेव्हा इंजिनाच्या आवाजाआड अण्णा माझ्या कानाशी लागले.

"बाई, तुम्ही प्रार्थना करा."

"चांगलं होऊ दे म्हणून ना? करते."

"नाही हो! वाईट होऊ दे म्हणून."

मग त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. लग्न झाल्यापासून काकू त्यांच्या विनोदाला एकदाही हसल्या नव्हत्या. पण चारचौघांत त्यांची फजिती झाली की काकूंना हसू आवरायचं नाही. एकदा भर पितृपक्षात यजमानाला हात द्यायला गेले आणि दोघंही कुंडात पडले, तर काकू आठवडाभर पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून हसत होत्या. "इतकी हसायची, की मध्येच बोलायची, पुन्हा हसायची. मला वाटतं बाई, हसू आलं तर त्याच्या मागून... शब्द येईल. पण घरातली फजिती... तिला चालत नाही. गर्दी पाहिजे."

"मग घाटावर पडायचं एकदा मुद्दाम."

"पडलो की! गुडघा फुटला. मुद्दाम पडलेलं तिला बरोबर समजतं. असं बघितलं माझ्याकडे!" त्यांनी नऊवारीच्या घोळात बसलेल्या काकूंकडे एक भीतभीत नजर टाकली. "खरी फजिती पाहिजे. म्हणून असं काम शोधलं... जे मला बिलकुल येत नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या क्षणापासून मी मनापासून त्यांच्या अपयशाची प्रार्थना करू लागले.

सुरुवात तर झकास झाली. कॅफे चालवणाऱ्या श्वेता नावाच्या मुलीने "अब आ रहे हैं हमारे पंडितजी!" असं पुकारलं. धोतर, उपरणं आणि कपाळाला गंध अशा थाटात अण्णा माईकपाशी गेले, आणि "पूरब किधर है?" असं त्यांनी विचारलं. कोणीतरी बोट दाखवलं. शुभकार्याला पूर्वेकडे तोंड हवं. अण्णा पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे लोकांकडे पूर्ण पाठ करून, आणि समोरच्या भिंतीला नमस्कार करून बोलू लागले. मागे खसखस पिकली. मी काकूंकडे पाहिलं. त्या ढिम्म. अण्णांनीही खांद्यावरून वळून काकूंकडेच पाहिलं.

श्वेताने त्यांना हाताला धरून फिरवलं. समोर एवढी तोंडं बघितल्यावर पाठ केलेलं सगळं अण्णांच्या डोक्यातून उडालं. मग तोंडातून आपोआप तेच आलं जे जन्मभर आलं होतं.

"मैं..." म्हणाले आणि मान कलती करून थांबले.

अण्णा वाट बघतायत. लोक वाट बघतायत. शेवटी अण्णांना राहवलं नाही. "बोलिए! मैं..."

पुढच्या टेबलावरचा एक मुलगा गोंधळून म्हणाला, "मैं..."

"रामघाट का..."

"रामघाट का," आता चार-पाच जण.

"घ पेट से आना चाहिए. फिर से!"

आणि सगळं कॅफे पोटातून ओरडलं, "रामघाट का!" हशा असा उसळला की माझ्या कॉफीचा कप हलला.

हे वेगळंच होत होतं. पोरं टेबलं बडवत होती. अण्णांनी तो किस्सा सांगितला, पाच भाऊ मिळून बापाचं श्राद्ध करत होते तो. थोरल्याचा फोन वाजला, तो हळूच "मैं मीटिंग में हूँ" म्हणाला, आणि बाकीच्या चौघांनी हात जोडून अत्यंत भक्तिभावाने म्हटलं, "मैं मीटिंग में हूँ." कॅफेतल्या सगळ्यांनीही हात जोडून ते म्हटलं. एक मुलगी हसून हसून टेबलाखाली गेली. दर टाळीला अण्णांचा चेहरा पडत चालला होता. माईकवर उभा राहून, लोक हसतायत म्हणून हवालदिल झालेला माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

काकू काठीवर हात ठेवून बसल्या होत्या. श्राद्धाच्या पंक्तीत बसावं तशा.

"मेरी पत्नी..." अण्णा म्हणाले.

"मेरी पत्नी..." सगळे म्हणाले.

"मेरे जोक पे... कभी हँसी नहीं."

"कभी हँसी नहीं!"

"अब तो..." अण्णा थांबले. "बोलती भी नहीं."

लोकांनी सवयीने तेही म्हणून टाकलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. खुर्चीतल्या काकूंकडे एकेक मान वळली. कोणाला काय करावं कळेना. अण्णांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "अरे, ऐसा मुँह मत बनाओ. ये मुँह तो मैं रोज देखता हूँ. उसी से छुट्टी लेके... यहाँ आया हूँ."

पोरं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. श्वेताने डोळे पुसत त्यांना पुढच्या रविवारचं आमंत्रण दिलं. त्यांच्यासोबत फोटो काढायला रांग लागली. आणि काकू? काही नाही. ओठाची कड हलली नाही.

परतताना नावेत फक्त लल्लन खुशीत होता; कॅफेच्या खिडकीतून त्याने सगळं पाहिलं होतं. "पंडितजी, आज त आप गजब कर दिए!" अण्णांनी नुसता हात हलवला. दशाश्वमेधावरच्या आरतीच्या गर्दीतून नाव काढली, मणिकर्णिकेवरच्या चितांचा उजेड मागे पडला आणि लल्लनने इंजिन बंद करून नाव प्रवाहावर सोडली. पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

अण्णा माझ्याशी बोलत होते, पण बघत होते पाण्याकडे. "काय पोरं आहेत आजकालची. माणूस एवढा वाईट करायला जातो..."

आणि थांबले. सवयीने. या वेळी कोणाची वाटही न बघता.

"म्ह... टलं."

आवाज जाड होता, शब्दाचा मधला भाग दुमडलेला होता, पण शब्द तोच होता. अण्णा ताडकन उभे राहिले. चालत्या नावेत असं उभं राहू नये, हे गंगेकाठी जन्मलेल्या माणसाला सांगावं लागू नये. नाव डुलली, उपरणं पाण्यात गेलं, आणि अण्णा नावेच्या तळात साचलेल्या पाण्यात फतकल मारून बसले. लल्लन "अरे अरे" करत धावला.

आणि काकू हसल्या. अर्धंच तोंड हसत होतं, पण खांदे गदगदत होते, काठी हातातून गळून पडली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मोकळेपणी रडले. अण्णा मात्र पाण्यातून उठायचं नावच घेईनात. तिथेच बसून, धोतर भिजलेलं, काकूंकडे तोंड वर करून ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर पेपर तपासत होते. खालून नेहमीसारखा आवाज आला.

"पाणी... म्हण."

माझं लक्ष मिक्सरकडे गेलं.

"म्हटलं," काकू म्हणाल्या.

"अगं, म्हटलं नको. पाणी म्हण. पाणी!"

"म्हटलं."

"म्हणजे माझा सगळा जन्म... असाच जाणार?"

"म्हटलं!"

मिक्सर मी लावला नाही. पेपर बाजूला ठेवून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले आणि खालचं भांडण संपेपर्यंत ऐकत राहिले.