आडवी झाडं बघत फिरणारे दाजी

सोयऱ्याच्या मयतीला गेलं की माणसं गुमान ओट्यावर टेकतात. आमचे दाजी पोचल्या पोचल्या कुणाला तरी कोपऱ्यात घेतात अन् हळूच विचारतात, "एवढ्यात वारं सुटलं होतं का हो इकडं? झाडं कुठल्या अंगाला पडली?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. आयुष्यभर लातुरात भूगोल शिकवला. सगळं शहर डॉक्टर-इंजिनियर घडवायला बसलेलं असताना तिथं भूगोल शिकवणं म्हणजे रसवंतीसमोर ताक विकणं. निवृत्त झाल्यावर त्यांनी माडीवरच्या खोल्या क्लासच्या पोरींना भाड्यानं दिल्या. बाकीचे घरमालक आधी डिपॉझिट विचारतात. दाजी विचारतात, "टोर्नेडो कुठं होतो?"

"अमेरिकेत."

"आन् कुठं?"

पोरगी बापाकडं बघते, बाप छताकडं.

"बांगलादेशात होतो. अर्जेंटिनात, दक्षिण आफ्रिकेत, युरोपात होतो. अमेरिकेत लई होतात हे खरं, पण तिथं बघणारेबी लई. गाड्या घेऊन वादळामागं पळतात! आपल्याकडं वादळ आलं तर माणूस म्हैस सोडंल का फोटू काढंल?"

एकदा देगलूरच्या एका बापानं विचारलंच, "सर, हे डॉक्टरकीच्या परीक्षेला येतं का?"

"न्हाई."

"मग पोरीला कशापायी?"

"खोली माझी हाय म्हणून."

दाजींचं म्हणणं, आपल्याकडंही टोर्नेडो होत असणार. पण माळावर उठला, माळावर मेला. चहा उकळेस्तोवर खेळ खलास. हवामानखात्याचं रडार लांब. अन् गावात शिरलाच, तर पंचनाम्यात 'वादळी वाऱ्यानं नुकसान' एवढंच लिहितात. गोल फिरलेलं अन् सरळ आलेलं, सगळं एकाच पोत्यात. "म्हणून झाडं बघायची," ते म्हणतात. "सरळ वाऱ्यात सगळी एका अंगाला निजतात. टोर्नेडोत पट्टा अरुंद असतो, अन् झाडं एकमेकांकडं डोकी करून पडतात, भांडणं मिटल्यासारखी."

ही भांडणं मिटलेली झाडं शोधायला ते मलाही न्यायचे. मी नांदेडला ऑफिसात बसणारा माणूस. चढ दिसला की मला चहा आठवतो. निलंग्याकडं एका गावात माझं पोट बघून लोकांना वाटलं, पंचनाम्याचे साहेब आले. खुर्ची आली, चहा आला, मागोमाग नुकसानही आलं. एका आजीबाईंनी पडकी भिंत दाखवली. भिंतीवर पिंपळ वाढला होता, चांगला माझ्या उंचीचा. दाजी तिला समजावत होते, "मावशी, आम्ही सरकारचे न्हाई." ती माझ्याकडं बोट करून म्हणाली, "तुमी नसाल. हे हायेत."

या सगळ्याच्या मुळाशी होत्या अक्का, दाजींची थोरली बहीण. त्यांचं सासर किल्लारीकडचं. गणपती बुडवायला भावाकडं लातूरला आल्या, म्हणून भूकंपातून वाचल्या. नवरा अन् मुलगा घरी होते. तेव्हापासून त्या भावाकडंच. आल्यागेल्याला एकच गोष्ट सांगायच्या: भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात आभाळातून हत्तीच्या सोंडेसारखं काहीतरी उतरलं अन् गोठ्याचे पत्रे घेऊन गेलं. खरं-खोटं करायला ते गावच जागेवर उरलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत ताईनं मला बोलावून घेतलं. "तुझ्या दाजीला सांग काहीतरी. रोज दुपारी अक्काला तेच इचारत बसतात. वरच्या पोरी तिला टोर्नेडो-आजी म्हणून हसून राहिल्या. त्या म्हातारीची शोभा करून ठेवली!"

मी समजवायला गेलो. दाजी अक्कांच्या पलंगाशी बसले होते.

"मग अक्का?"

"मग काय! पत्रे निघाले की पतंगासारखे. ह्ये पळाले मागं, धोतर सोडून. पोरगं हसाय लागलं बापाला."

"आन् झाडं?"

"बांधावरच्या बाभळी निजल्या सगळ्या. एका अंगाला, नदीकडं तोंड करून."

मी कान टवकारले. शाळेत मला भूगोलात काठावर मार्क पडायचे. पण दाजींबरोबर इतकं उन्हातान्हात भटकल्यावर एवढं मलाही कळत होतं. दाजींची मुद्रा मात्र हलली नाही. "बरोबर," ते म्हणाले, "नदीकडं."

ओसरीवर गाठून मी म्हणालो, "दाजी, सगळी एका अंगाला म्हणजे साधं वादळ झालं."

"ठावं हाय."

"कधीपासनं?"

"पहिल्यांदा सांगितलं तवापासनं."

"मग ही वणवण कशाला? मयतीलासुद्धा झाडं?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"एक खरा सापडू द्या, मेव्हणे. त्याच भागातला, पक्का. मग तिला कुणी हसणार न्हाई. तिचं कुणी तपासत बसणार हाय का?" चष्मा पुसतच म्हणाले, "भूकंपाचं ती बोलत न्हाई. नवऱ्याचं बोलत न्हाई, पोराचं न्हाई. त्यांचा फोटू लावला तर तिनं काढून ठिवला. ह्या एका गोष्टीत तेवढे ते दोघं येतात. एक पळतो, एक हसतो."

ताईनं आतून खूण केली, सांगितलंस का म्हणून. मी मान हलवली. हो का नाही, ते तिलाही कळलं नसणार.

आतून अक्कांची हाक आली, "आरं, कुठं गेलास? पुढलं ऐकायचं का न्हाई?"

"आलो, आलो," दाजी चष्मा लावत उठले. "थांब, मधलं गाळू नको. पोरगं का हसलं, तिथनं सांग."