लेक व्ह्यू टाउनशिप : मूळ रहिवाशांची एकूण संख्या

थोर संस्कृती नदीकाठी जन्माला येतात, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बिडकीन रस्त्यावरची लेक व्ह्यू टाउनशिप टँकरकाठी जन्माला आली. फरक इतकाच की नदीला सकाळी सातला फोन करून 'निघालात का' असं विचारावं लागत नाही.

टाउनशिपमध्ये तळं नाही. ते कुठं आहे, असं फक्त नवीन माणूस विचारतो. बिल्डरनं विक्रीच्या वेळीच स्पष्ट केलं होतं, की नावात व्ह्यू आहे आणि व्ह्यू दिलेला आहे. (पूर्वेकडच्या बाल्कनीतून मुरमाची खाण दिसते. एका चांगल्या पावसात तिच्यात आठ दिवस पाणी साचलं होतं. त्या आठवड्यात फ्लॅटचे भाव चढले, ते पाणी आटलं तरी उतरले नाहीत.)

अशा या वसाहतीचा इतिहास लिहिण्याची जबाबदारी ए विंगच्या साहेबरावांवर आली. साहेबराव शिक्षण खात्यातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं शाळा तपासल्यामुळे न घडलेल्या गोष्टींचा सविस्तर अहवाल लिहिण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता.

निमित्त झालं एका स्पर्धेचं. शहरातल्या एका मंडळानं 'आदर्श वसाहत' स्पर्धा जाहीर केली. स्वच्छतेला वीस गुण, हिरवळीला वीस, सलोख्याला वीस, पार्किंगला तीस, आणि 'इतिहास, समाजचित्र व मूळ रहिवाशांचे जतन' याला दहा. पहिल्या चार बाबतीत सगळ्याच वसाहती खोटं बोलणार हे उघड होतं, त्यामुळे निकाल लागणार तो या दहा गुणांवर.

"काका, हे टेन मार्क्स तुमच्या हातात," सेक्रेटरी इंद्रजीत म्हणाला. इंद्रजीत बिडकीनच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात होता आणि सोसायटीही तशीच चालवायचा. सत्यनारायणाच्या पूजेनंतरसुद्धा तो अभिप्राय मागवत असे.

साहेबरावांनी काम घेतलं. पण त्यांच्या मनात दुसरंच काही होतं. ते काय, हे कळायला गोजरबाईची माहिती करून घ्यावी लागेल.

फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला एक जुना कडुलिंब आहे. त्याच्या बुडाशी गोजरबाई भाजी घेऊन बसायची. अंबाडी, शेपू, चंदनबटवा, आणि वेळ असेल तर गप्पा. साहेबराव रोज सकाळी तिच्याकडून अंबाडीची जुडी घ्यायचे आणि तासभर उभे राहून आपल्या देवगाव रंगारी गावातल्यासारखं बोलून घ्यायचे. घरी त्यांच्याशी असं कोणी बोलत नव्हतं. मुलगा-सून कामावर जायचे आणि टीव्ही हिंदी बोलायचा.

मागच्याच महिन्यात कमिटीनं ठराव क्रमांक चौदा मंजूर केला होता : 'प्रवेशद्वाराजवळील अनधिकृत भाजीविक्री ३१ मार्चअखेर हटवण्यात यावी.' ठराव एकमतानं झाला. (सभा संपल्यावर अकरापैकी नऊ सदस्य लिंबाखाली थांबून कोथिंबीर घेऊन गेले. उरलेल्या दोघांच्या बायकांनी सकाळीच घेतली होती.) साहेबरावांनीही हात वर केला होता. सगळ्यांचे वर असताना आपलाच खाली कसा ठेवायचा, असं त्यांना वाटलं, आणि नंतर तीन दिवस त्यांना अंबाडी गोड लागली नाही. आता गोजरबाईला वाचवायची एखादी वाट इतिहासातून निघते का, हे त्यांना बघायचं होतं.

इतिहासाचे त्यांनी तीन कालखंड पाडले. पहिला माहितीपत्रकाचा काळ, ज्यात इथं कारंजं, पोहण्याचा तलाव आणि सायकल चालवणारं एक गोरं कुटुंब होतं. दुसरा सॅम्पल फ्लॅटचा काळ, ज्यात मनुष्यप्राणी इथं फक्त रविवारी आढळत असे. तिसरा टँकरचा काळ, जो अजून चालू आहे. कारंज्याचे अवशेष दुसऱ्या आणि तिसऱ्या कालखंडाच्या मधल्या थरात सापडतात.

इतिहास झाला. समाजचित्रासाठी घरोघरी फॉर्म वाटायचं ठरलं. बी विंगच्या सुमय्या मॅडम एका शाळेत गणित शिकवायच्या, त्यांनी आकडेमोड अंगावर घेतली. फॉर्ममध्ये मोजके प्रश्न होते : किती वर्षं राहता, कायमचे की तात्पुरते, आणि मूळचे कुठले.

चारशे बारा घरांचे फॉर्म आले. सी विंगच्या एका गृहस्थानं भिंतीत संगमरवरी देवघर बसवलं होतं, दाराला पितळी पाटी ठोकली होती, बाल्कनीला जाळी आणि जाळीला कुलूप लावलं होतं. फॉर्ममध्ये त्यानं लिहिलं : 'सध्या तात्पुरते.' सात वर्षांच्या पोरांनी आजोबांचं गाव लिहिलं, जे त्यांनी एका लग्नात दोन तास पाहिलं होतं. स्वतः सुमय्या मॅडमनी शहरातलं 'शहागंज' लिहिलं. शहागंज सोडून त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण त्यांचा शिंपी, वैद्य आणि राग तिघेही अजून तिथंच होते. साहेबरावांनी बेधडक 'देवगाव रंगारी' लिहिलं. देवगावातल्या घरात आता पुतण्याच्या म्हशी होत्या, आणि साहेबराव तिकडं सहा वर्षांपूर्वी दशक्रियेला जाऊन चहा पिऊन परतले होते.

आठव्या दिवशी सुमय्या मॅडम कागद घेऊन आल्या.

"सर, टोटल झीरो आ रहा."

"कसला टोटल?"

"मूळ रहिवासी. मैं तीन बार चेक की. अठराशे सेहेचाळीस लोग हैं, आणि इथला एक पण नाही."

"म्हणजे इथं कुणी राहतच नाही?"

"रहते तो सब हैं, सर," मॅडम म्हणाल्या. "पण सगळे परत जानेवाले हैं."

अकरा वर्षांत परत कोण गेलं, हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. पण दहा गुण गेले, हे साहेबरावांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ते लिंबाखाली उतरलेल्या तोंडानं उभे राहिले.

"काय झालं, भाऊ? अंबाडी जून निघाली का?"

"नाही हो. गोजरबाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"मी व्हय? मी इथलीच की."

"इथली म्हणजे?"

"म्हंजे इथली. माझा बाप इथं सालदार व्हता. जिमीन मालकाची, राबणं आमचं. तुमची पोरं खेळतेत ना, तिथं हीर व्हती. कलबहौस हाय, तिथं आमचं खोपट. मायनं मला ह्याच लिंबाला झोळी बांधली व्हती. मालकानं इकलं, आमाला सांगितलं उठा. उठलो. आता रस्त्यापल्याड ऱ्हाते."

साहेबरावांना एकदम आनंद झाला, इतका की त्यांनी अंबाडीच्या दोन जुड्या घेतल्या. मग त्यांनी खात्री करायला फाटकावरचं रजिस्टर मागवलं. गोजरबाईची अकरा वर्षांची रोजची नोंद त्यात होती. नाव : गोजरबाई. कुठून आले : बाहेरून. कोणाकडे : लिंब.

"कडुबा, ही तर इथलीच म्हणती. मग बाहेरून का लिहितोस?"

"ती रोज तसंच सांगती, साहेब," वॉचमन कडुबा म्हणाला. "पण रजिष्टर आत येणाऱ्याचं हाय. इथली असती तर आली कशाला असती?"

हा युक्तिवाद साहेबरावांना खोडता आला नाही. तो आजतागायत कुणालाच खोडता आलेला नाही.

कमिटीची तातडीची सभा झाली. साहेबरावांनी गोजरबाईची सगळी हकिकत वाचून दाखवली. इंद्रजीतचे डोळे चमकले.

"काका, ओरिजिनल आहे ना? पलीकडच्या टाउनशिपकडं असं काही नसेल ना?"

"त्यांच्याकडं लिंबच नाही," साहेबराव म्हणाले.

ठराव चौदा तिथल्या तिथं रद्द झाला. साहेबरावांचा ऊर भरून आला. नोकरीत त्यांनी हजारो कागद रंगवले होते, पण एका कागदानं एका माणसाचं भलं झालं, असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पुढचं सगळं रीतसर झालं. क्लबहाऊसमध्ये, म्हणजे स्वतःच्या खोपटाच्या जागी, गोजरबाईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. "लवकर उरका बाबांनो, भाजी सुकून चालली," एवढं ती बोलली. टाळ्या बराच वेळ चालल्या. परीक्षक आले, लिंब पाहिला, गोजरबाई पाहिली, तिच्यासोबत फोटो काढला आणि दहापैकी दहा गुण देऊन गेले. लेक व्ह्यू पहिली आली. (पार्किंगला तीसपैकी चार. त्यातले दोन परीक्षकांना जागा मिळाली म्हणून.)

विजयाच्या भरात ठराव क्रमांक पंधरा मंजूर झाला : वारसास्थळाचे जतन. चार दिवसांत लिंबाभोवती कंबरेइतकं लोखंडी कुंपण उभं राहिलं. आत विकतची हिरवळ अंथरली. टँकरचं पहिलं पाणी तिला द्यायचं ठरलं. कुंपणावर काळ्या दगडाची पाटी लागली.

पाचव्या दिवशी सकाळी गोजरबाई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन आली आणि कुंपणापाशी थबकली. साहेबराव नेहमीसारखे अंबाडीला खाली उतरलेच होते.

"भाऊ, काय लिव्हलंय हो?"

साहेबरावांनी वाचलं. "येथे या वसाहतीच्या मूळ रहिवासी श्रीमती गोजरबाई बसतात." मग खालची ओळ वाचली. "येथे बसण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून."

गोजरबाईनं थोडा विचार केला.

"मंग मी बसते का नाय बसत?"

साहेबराव तडक इंद्रजीतकडं गेले. इंद्रजीत ऑफिसला निघाला होता, तरी त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"काका, तिच्यासाठीच तर केलंय सगळं," तो कळकळीनं म्हणाला. "तिची जागा आता कुणीच घेऊ शकणार नाही."

साहेबराव खाली आले. आपण लिहिलं नसतं तर बाई ३१ मार्चपर्यंत तरी बसली असती, हे त्यांना कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती. कडुबा रजिस्टर उघडून उभा होता. गोजरबाईनं पाटी अजून डोक्यावरून उतरवली नव्हती. उतरवायची कुठं, हा प्रश्न होता.

"मावशी, कुठून आली लिहू?" कडुबानं सवयीनं विचारलं.

अकरा वर्षं ती या प्रश्नाला एकच उत्तर देत आली होती. आज तिनं लिंबाकडं बघितलं, साहेबरावांकडं बघितलं.

"लिव्ह बाबा. बाहेरून."

मग ती रस्त्यापल्याड निघून गेली.

लेक व्ह्यूतली अठराशे सेहेचाळीस माणसं आजही तात्पुरती राहतात. अंबाडी आता ॲपवरून येते, प्लास्टिकच्या पिशवीत, मुळं कापलेली. साहेबरावांचा इतिहास छापून झाला असून तो क्लबहाऊसमध्ये विनामूल्य मिळतो. शेवटच्या पानावर वाचकांसाठी एक कोरा फॉर्म जोडला आहे. प्रश्न एकच आहे : तुम्ही इथले का? उत्तर खुशाल काहीही लिहा. आम्ही ते तुमच्या फाटकाशी भाजी घेऊन बसणाऱ्या बाईकडून पडताळून घेऊ. फक्त तिचं नाव तेवढं सोबत लिहून पाठवा. माहीत असेलच.